शेवटच्या टेबलामागची टोपी

मी एक जुनी टोपी आहे. डोक्यावर घालायची नव्हे, मित्रांनो! माझ्यात बाहुलीचं डोकंसुद्धा मावणार नाही. मी तुमच्या करंगळीच्या पेराएवढी, गोल आणि धातूची आहे. एका काळ्या केबलच्या अगदी टोकाला बसून राहणं एवढंच माझं काम होतं. बसून राहणं हे काय काम झालं, असं म्हणाल. पण मी वीस मिनिटं जागेवर नसले, की एका आख्ख्या मजल्याच्या तोंडचं पाणी पळायचं. आणि माझ्यामुळे एका भल्या माणसाची नोकरी जाता जाता राहिली. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. सांगताना मधेच माझी तंद्री लागेल, तेवढं सांभाळून घ्या. टोकाला बसणाऱ्यांना ती सवयच लागते.

माझा जन्म एका कारखान्यात, लेथवर झाला. पितळेच्या लांब कांबीचा एक तुकडा कापला, ती मी. लगेच दुसरा कापला, ती माझी बहीण. आमच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एकेक रोधक, म्हणजे वीज अडवून जिरवणारा तुकडा, बसवला. वर निकेलचा पांढरा मुलामा दिला आणि आम्हा दोघींना एकाच पिशवीत घातलं. कितीतरी दिवस आम्ही एकमेकींना खेटून अंधारात पडून होतो. आपण कुठे जाणार, याची स्वप्नं बघत होतो. बहिणीला वाटायचं आपण कानातली होऊ, मला वाटायचं आपण कुठल्यातरी पेटीची बटणं होऊ.

एके दिवशी पिशवी फाटली आणि वर एक तरुण चेहरा दिसला. किडकिडीत माणूस, खिशात स्क्रूड्रायव्हर, कानावर पेन्सिल. त्याला सगळे नुसतं वायरमन म्हणत. एका मोठ्या इस्पितळाच्या नोंदणी कचेरीत तो वर्षभराच्या बोलीवर लागला होता. बायको आणि तान्ही लेक घेऊन तो इस्पितळाच्या मागच्या आवारात दोन खोल्यांत राहायचा. नोकरी असेतोवर खोल्या. वर्षाच्या शेवटी साहेब खूश असले, तर त्याला कायम करणार होते.

त्याचं काम असं होतं. इस्पितळाच्या तळमजल्यावर एका गार खोलीत कपाटांएवढा मोठा संगणक होता. हजारो रुग्णांच्या नोंदी त्याच्या पोटात होत्या. त्याला सगळे आजोबा म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या नोंदणी कचेरीत अकरा टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर नवाकोरा छोटा संगणक आला होता. ही अकरा नातवंडं हुशार होती, पण आजोबांशी बोलता येत नसेल तर त्यांचा उपयोग काय? जुना कागद हवा असला, की शिपाई तीन जिने उतरायचा आणि तीन चढायचा. म्हणून वायरमनने एक काळी केबल आणली. आजोबांच्या खोलीतून निघून जिन्याच्या कडेने ती वर आली. पहिल्या टेबलामागून दुसऱ्या, दुसऱ्यामागून तिसऱ्या, अशी अकराव्या टेबलापाशी येऊन संपली. माझी बहीण खाली गार खोलीतल्या टोकाला गेली. मला अकराव्या टेबलामागे, भिंत आणि लाकूड यांच्यामधल्या अंधारात बसवलं. दाबून पाव वळसा दिला, खट्ट झालं, आणि मी नोकरीला लागले.

"बस इथे," तो मला म्हणाला. त्याला तारांशी बोलायची खोडच होती. "इथून हललीस, तर मेलो मी."

का ते सांगते. या केबलमधून निरोप धावतात. त्यांना थांबायचं कळत नाही. टोकाला कोणी झेलून घेणारं नसेल, तर भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखे ते उलटे फिरतात आणि समोरून येणाऱ्या निरोपांवर आदळतात. मग कोणाचंच बोलणं कोणाला कळत नाही आणि अकराच्या अकरा संगणक गप्प होतात. टोकाला आलेला निरोप पोटात घ्यायचा आणि शांत करायचा, हे आम्हा दोघी बहिणींचं काम.

पहिल्या दिवशी सगळे टेबल क्रमांक एकभोवती जमले होते. पडद्यावर आजोबांची पहिली ओळ हिरव्या अक्षरांत उमटली आणि टाळ्या पडल्या. "आले! आजोबा आले!" साहेबांनी वायरमनच्या पाठीवर थाप मारली. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग मला माझी जागा आवडायला लागली. दुपारी टेबलाखालून उन्हाची एक तिरीप आत यायची, तिच्यात धूळ तरंगायची, आणि केबलमधून निरोप येत राहायचे. मला अक्षरं वाचता येत नव्हती. प्रत्येक निरोप माझ्यात विरताना फक्त थोडीशी ऊब सोडून जायचा. कोणाचा रक्तगट असेल तो, कोणाच्या बाळाचं वजन असेल, कोणी बरा होऊन घरी गेल्याची तारीख असेल. वरच्या टेबलांवर लोक ते वाचत होते, खाली मी नुसती उबेत होते. कधी वाटायचं, हीच ऊब खाली बहिणीलाही लागत असेल. मी इथे धुळीत, ती तिथे गारव्यात, आणि मधे सगळ्या गावाची दुखणी आणि बाळं. असं काही मनात आलं, की संध्याकाळ कधी व्हायची ते कळायचं नाही.

या अकराव्या टेबलावर काकू बसायच्या.

काकू या कचेरीतल्या सगळ्यांत जुन्या कारकून. एकतीस वर्षं नोकरी झालेली, कामात एक खाडाखोड नाही की एक ठपका नाही. त्यांना एकच वेड होतं. पितळ दिसलं, की त्यांचे हात शिवशिवायचे. खणाच्या कड्या, खिडकीचा बोल्ट, टेबलावरची घंटी, सगळं लखलखीत. त्यांच्या खणात पॉलिशची एक चपटी डबी आणि जुन्या शर्टाचा मऊ तुकडा कायम असायचा. नवऱ्याचा शर्ट होता तो. नवरा वारल्यावर बाकीचे कपडे त्यांनी देऊन टाकले, हा तेवढा ठेवला होता.

केबल येऊन दोनेक महिने झाले असतील. एका बुधवारी काकू टेबलामागचा कचरा काढायला वाकल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अगं बाई! ही कोण इथे मळकी?" त्या म्हणाल्या.

मळकी! मला इतका राग आला! तो मळ नव्हता हो, माझा निकेलचा मुलामा होता. पण काकूंना वाटलं, आत पितळ आहे आणि वर पांढरट बुरशी चढली आहे. संगणक साफ करण्याआधी बंद करायचा, हे त्यांना शिकवलं होतं, म्हणून त्यांनी शहाण्यासारखा स्वतःचा संगणक बंद केला. मग मला पाव वळसा दिला, काढलं आणि खिडकीपाशी नेलं.

मित्रांनो, मी पहिल्यांदा आकाश बघितलं. मऊ कापड माझ्यावरून गोल गोल फिरत होतं, काकू काहीतरी गुणगुणत होत्या, आणि माझ्यात कोणताच निरोप नव्हता. कोणाचं दुखणं नाही, कोणाची तारीख नाही. नुसतं ऊन होतं. इतकं सुख मला कधीच झालं नव्हतं.

आणि मागे हॉलमध्ये आरडाओरडा चालला होता. "गेली! लाइन गेली! अहो, कोणीतरी वायरमनला बोलवा!"

वीस मिनिटांनी काकूंनी मला जागेवर बसवलं. खट्ट. "आली! आली!" हॉल ओरडला. तेव्हाच वायरमन धापा टाकत आमच्या टेबलापाशी पोचला. तो आजोबांच्या खोलीपासून एकेक जोड तपासत वर आला होता. त्याने माझ्यावर टॉर्च मारला, बोटाने हलवून बघितलं. मी घट्ट होते.

"ठीक आहे इथे," तो पुटपुटला आणि डोकं खाजवत निघून गेला.

पुढच्या बुधवारी तेच झालं, त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. वायरमन दर वेळी खालूनच सुरुवात करायचा, आणि तो माझ्यापाशी पोचेपर्यंत मी जागेवर बसलेली असायचे. आता तुम्ही म्हणाल, काकूंना कळत कसं नव्हतं? ऐका. काकूंचा स्वतःचा संगणक तर आधीच बंद असायचा. आणि बाकीचे ओरडायला लागले, की काकूंना वाटायचं, झालं, नेहमीसारखी बुधवारची लाइन गेली. एकदा त्या वायरमनला स्वतःच म्हणाल्या, "बुधवारी तुझी लाइन तशीही जाते ना, म्हणून मी आवरायला बुधवारच धरते. तेवढाच वेळ सत्कारणी लागतो."

"बरं करता, काकू," तो बिचारा म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. आणि मी तिथे तीन हातांवर बसून ऐकत होते. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

खरंच किंचाळले असते का? आज इतक्या वर्षांनी कबूल करते, मला शंका आहे. मंगळवार संपत आला, की मला काकूंच्या गुणगुणण्याची ओढ लागायची. दर बुधवारी माझा मुलामा थोडा थोडा झिजत होता आणि आतलं पिवळं पितळ वर येत होतं. वायरमन टॉर्च मारून म्हणायचा, "वा, ही बघा कशी चमकतेय!" आणि पुढे जायचा. का चमकतेय, हे त्याच्या मनातही यायचं नाही. आपली स्तुती होतेय म्हणून मी गप्प फुशारत बसायचे. काय म्हणावं मला!

इकडे त्याची मात्र पार दशा झाली होती. बुधवारी कोणती लिफ्ट चालते, कोणते दिवे लागतात, कोण हीटर लावतो, सगळ्याची त्याने वही केली. अर्धी केबल बदलली. आजोबांची पूजा तेवढी करायची राहिली. बुधवारी सकाळी बाहेरचे रुग्ण तपासणीला यायचे. खिडकीपाशी रांग लागायची, डॉक्टर कागदासाठी खोळंबायचे आणि शिपाई पुन्हा तीन जिने चढायचा-उतरायचा. एकदा एक म्हातारे गृहस्थ उभे राहून राहून चक्कर येऊन खालीच बसले. तेव्हा मात्र साहेबांचा पारा चढला.

त्या दिवशी संध्याकाळी वायरमन अकराव्या टेबलाखाली येऊन बसला. काकू घरी गेल्या होत्या. त्याने मला काढलं नाही, हलवलं नाही. नुसता भिंतीला टेकून बसला.

"पुढच्या बुधवारी वर्ष भरतं," तो मला सांगायला लागला. "साहेब म्हणाले, त्या दिवशी लाइन गेली, तर कायम होणं विसरा. केबल काढून टाकतो, शिपायालाच पुन्हा जिन्यावर धाडतो म्हणाले. खोल्याही सोडाव्या लागतील. पोरगी आत्ता कुठे भिंतीला धरून उभी राहायला लागली आहे." मग म्हणाला, "बायकोला अजून सांगितलं नाही मी."

त्याने डोळे पुसले आणि बाहीने माझ्यावरची धूळही पुसली. त्या क्षणी मला माझ्या चकाकण्याची इतकी लाज वाटली, की काय सांगू. तो आठवडाभर मी एकच स्वप्न बघत होते. मी गंजले आहे, केबलला पक्की चिकटले आहे, आणि काकूंच्या हातांना काही केल्या हलत नाही.

बुधवार उजाडला. अकरा वाजता काकूंनी संगणक बंद केला. पॉलिशची डबी उघडल्याचा आवाज आला. त्यांचा हात टेबलामागे आला. मी जीव खाऊन धरून ठेवलं. पण मित्रांनो, टोपीला कसला आलाय जीव आणि कसलं धरणं! पाव वळसा, आणि मी त्यांच्या तळहातावर.

"गेली!" हॉल ओरडला. "गेली रे गेली!"

खाली काय झालं, ते मला नंतर कळलं. वायरमन सकाळपासून आजोबांच्या खोलीत माझ्या बहिणीसमोर स्टूल टाकून बसला होता. लाइन गेली तसा तो उठलाच नाही. आता धावून काय उपयोग, असं त्याला वाटलं. तो हताश होऊन बहिणीकडे बघत राहिला. ती पांढरीफटक होती, कारखान्यातून आली तशीच. बघता बघता त्याच्या मनात आलं, एका पिशवीतल्या दोघी, मग वरची पिवळी कशी?

तो तीन जिने चढून आला. कोणताही जोड तपासला नाही, कोणाशी बोलला नाही. थेट अकराव्या टेबलापाशी आला. काकू खिडकीत उभ्या राहून मला उन्हात धरून बघत होत्या.

"काकू," तो अगदी हळू म्हणाला, "ती कधीपासून पुसताय?"

"ही होय? झाले की आठ-दहा महिने. काय बुरशी होती रे हिच्यावर! आता बघ कशी उजळली."

"दर बुधवारी?"

"दर बुधवारी. का रे? अरे, असा काय बघतोस? बरं नाही का वाटत तुला?"

त्याने हात पुढे केला. काकूंनी मला त्याच्या हातावर ठेवलं. त्याने वाकून मला जागेवर बसवलं. खट्ट.

"आली!" हॉल ओरडला.

त्याने परत काढलं. "गेली!"

परत बसवलं. "आली! अहो, काय चाललंय काय?"

काकू खुर्चीवर बसल्या. "मी?" त्या म्हणाल्या. "म्हणजे इतके दिवस मीच? ते म्हातारे गृहस्थ खाली बसले, ते माझ्यामुळे?"

"जाऊ द्या काकू, तुम्हाला काय माहीत. मीच सांगायला हवं होतं, हिला कोणी हात लावू नका म्हणून. साहेबांना सांगतो, जोड ढिला होता. तुमची दोनच वर्षं राहिलीत, तुमच्या नावावर कशाला..."

"आणि तुझ्या खोल्या?" काकू म्हणाल्या. त्याने चमकून वर बघितलं. खोल्यांचं काकूंना कसं माहीत, असं त्याला वाटलं असेल. अरे बाबा, असल्या गोष्टी आख्ख्या कचेरीला माहीत असतात.

काकू उठल्या. पदर खोचला आणि जाऊन साहेबांना हाताला धरून आणावं तसं घेऊन आल्या. सगळा हॉल मागोमाग गोळा झाला. काकू टेबलामागे वाकल्या, बोटं माझ्यावर ठेवली, आणि थांबल्या. मग मान वळवून त्यांनी विचारलं,

"वायरमन, काढू का?"

आठ-दहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

"काढा, काकू," तो म्हणाला.

लाइन गेली. काकूंनी मला बसवलं. लाइन आली. "बघितलंत, साहेब?" त्या खणखणीत बोलल्या. "याची चूक नाही. दर बुधवारी मी ही पुसायला काढत होते. एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक ठपका नाही. हा पहिला. लिहा."

साहेबांनी वाकून माझ्याकडे बघितलं. मोठ्या माणसाने माझ्याकडे बघण्याची ती पहिलीच वेळ. मग ते म्हणाले, "काकू, ठपका कसला लिहू? कचेरीचं पितळ जास्त स्वच्छ ठेवलं, असा?" आधी एकजण फिसकन हसला, मग सगळेच हसले. काकू मात्र रडत होत्या, आणि वायरमनही. संध्याकाळी त्याचा कायमचा कागद निघाला.

त्यानंतर वायरमनने माझ्या मानेला एक चिठ्ठी बांधली, "विचारल्याशिवाय काढू नये." बुधवारी काकू मला जागेवरच वरच्या वर पुसायच्या. आता आकाश दिसायचं नाही, पण निरोपांची ऊबही असायची आणि कापडाचा मऊपणाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस तेच.

चांगले दिवस संपतात तसे तेही संपले. दोन वर्षांनी नवी पद्धत आली. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार आली आणि सगळ्या तारा एका पेटीत जाऊ लागल्या. तिथे टोकंच मोकळी राहत नव्हती, मग टोप्या कशाला हव्यात? एका दुपारी काळी केबल ओढून काढली. शेवटचा निरोप कोणता होता, ते मला माहीत नाही. थोडीशी ऊब आली आणि मग काहीच आलं नाही. मी भंगाराच्या खोक्यात पडले. तिथे अंधारात कोणीतरी मला खेटलं. ती माझी बहीण होती. आम्ही पिशवीतून निघाल्यापासून भेटलो नव्हतो. ती मला म्हणाली, "किती पिवळी झालीस गं!"

त्याच महिन्यात काकू निवृत्त झाल्या. त्यांना देण्यासाठी वायरमनने भंगारातून आम्हा दोघींना शोधून काढलं.

मित्रांनो, आता मी काकूंच्या घरी खिडकीच्या कट्ट्यावर असते. तुम्हाला एवढंच सांगावंसं वाटतं. एखादी गोष्ट आवडली, तर तिला जरूर जपा. पण आधी ती तिथे कशाला बसली आहे, ते कोणाला तरी विचारा. मला ज्यांनी जिवापाड जपलं, त्यांच्याच हातून माझ्या माणसाचं घर जाणार होतं. तो दोष त्यांच्या मायेचा नव्हता. त्यांनी फक्त विचारलं नव्हतं.

वायरमन अजूनही अधूनमधून बुधवारी सुट्टी काढून लेकीला घेऊन येतो. लेक आता शाळेत जाते. अकरा वाजले, की काकू डबी उघडतात, शर्टाचा तुकडा घेतात आणि कट्ट्यावर हात पुढे करतात. आम्ही कशालाच जोडलेल्या नाही. आमच्यावाचून आता काही अडत नाही, हे त्या दोघांना माहीत आहे आणि आम्हालाही. तरीही काकू थांबतात आणि दर वेळी विचारतात, "वायरमन, काढू का?"

आणि तो चहाचा कप खाली ठेवतो. तीन मजले, अकरा टेबलं, सगळ्यांचं बोलून झालं की नाही, हे जणू कान देऊन ऐकतो. मग म्हणतो, "थांबा काकू, कोणीतरी बोलतंय... हं. आता काढा."